15 किलोवॅटच्या चार मोटारी

शिरोली, कोल्हापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं ड्रॉइंग आणि बीओएम (सामानाची यादी) दोन्ही निवांत बसून पाहिलं. तुझ्या हातचं पहिलं मोटार कंट्रोल पॅनल, आणि तेही फौंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, म्हणून फार बरं वाटलं. इथे आपल्या आजूबाजूला फौंड्र्याच फौंड्र्या. त्यांची पॅनल्स बांधण्यात माझी उमर गेली. त्यामुळे चार शब्द सविस्तर लिहितो. फोनवर हे सांगायला घेतलं तर अर्धं राहून जाईल.

चार मोटारी, चारही 15 किलोवॅट, 415 व्होल्ट: कूलिंगचा पंप, सँड मिक्सर, डस्ट कलेक्टरचा ब्लोअर आणि क्रेनचा होइस्ट (ओझं वर-खाली करणारा). नेमप्लेटवर सगळीकडे 28 अ‍ॅम्पिअर, म्हणून तू सरसकट 32 अ‍ॅम्पिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, टाकलास. मोटार केवढी आहे ते नेमप्लेट सांगते. ती दिवसभर काय करते, ते मात्र चालवणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं, आणि कॉन्टॅक्टर ठरतो तो त्या उत्तरावर.

पंपाचं ठीक आहे. सकाळी चालू, संध्याकाळी बंद. कॉन्टॅक्टरच्या कामाचे वर्ग असतात, त्यातलं हेच एसी-3 चं काम: चालू होताना सहा-सात पट करंट जातो, पण तोडताना मोटार पूर्ण वेगात असते आणि कॉन्टॅक्टरला फक्त चालू करंट तोडावा लागतो. 32 पुरेसा. मिक्सरलाही चालेल, फक्त भरलेल्या मिक्सरवर स्टार्ट करतात का, ते विचारून घे.

होइस्टचं तसं नाही. मोल्डवर (साच्यावर) लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, आणताना ऑपरेटर बटण टिचकीसारखं दाबतो, सोडतो, परत दाबतो. मोटार वेग घेण्याआधीच कॉन्टॅक्टर उघडतो, म्हणजे 28 नव्हे, दीडशेच्या वर अ‍ॅम्पिअर तोडतो. दर वेळी. हे एसी-4. तासाला शंभर टिचक्या धर, आठ तासांच्या पाळीत आठशे, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दोन लाख चाळीस हजार. आता कॅटलॉगमधला एसी-4 चा आलेख काढ आणि त्याच 32 च्या कॉन्टॅक्टरचं आयुष्य बघ. एसी-3 ला जो लाखो वेळा चालतो, तो इथे त्याच्या बारीकशा हिश्श्यात संपतो. होइस्टला दोन साइज वरचा घे, पण अंदाजाने नको; आलेखावरून काढून घे. एसी-1 चा मोठा आकडा बघून तर कधीच फसू नकोस. तो हीटरसाठी असतो.

होइस्टबद्दल आणखी एक, आणि हे मी अगदी काळजीने लिहितोय. वर-खाली दोन कॉन्टॅक्टरचं इंटरलॉक (दोन्ही एकदम ओढले जाऊ नयेत ही अडवणूक) तू पीएलसीच्या, म्हणजे कंट्रोल करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रॅमवर सोडलं आहेस. प्रोग्रॅम म्हणेल ‘वर’चा कॉन्टॅक्टर पडला (उघडला), पण त्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असतील तर? ‘खाली’ ओढला की फेज-टू-फेज शॉर्ट. दोघांमध्ये मेकॅनिकल इंटरलॉक हवंच, शिवाय एकमेकांच्या कॉइलमध्ये (ओढणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीत) एनसी, म्हणजे कॉन्टॅक्टर पडलेला असतानाच जुळलेला राहणारा कॉन्टॅक्ट. आणि या दोघांच्या आधी सिरीजमध्ये एक मेन कॉन्टॅक्टर दे, इमर्जन्सी स्टॉपने तो पडला पाहिजे. त्याचा फीडबॅक मिरर कॉन्टॅक्टवरून, म्हणजे मेन पोलशी यांत्रिकपणे बांधलेल्या एनसीवरून, घे. मेन पोल चिकटलेला असेल तर तो एनसी जुळूच शकत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकता येतो. बटण सोडल्यावरही हुक वर चढत राहिला तर खाली वितळलेलं लोखंड आहे आणि त्याच्या आजूबाजूला माणसं आहेत. या फीडरवर (एका मोटारीच्या पूर्ण संचावर) खरेदीवाल्यांनी कितीही घासाघीस केली तरी ऐकू नकोस.

आता ब्लोअर. स्टार-डेल्टा (स्टार जोडणीत सुरू करून वेग आल्यावर डेल्टात नेणारा, तीन कॉन्टॅक्टरचा स्टार्टर) दिलास ते योग्य, पण तिथे दोन गोष्टी अडल्या आहेत. डेल्टामध्ये चालताना मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधून लाइन करंटच्या 58 टक्केच जातो, म्हणजे साधारण 16 अ‍ॅम्पिअर. स्टारचा तर एक तृतीयांशच. तिन्ही 32 चे घातलेस, ते चालेल, उगाच महाग. खरी चूक ओव्हरलोड रिलेची, म्हणजे जास्त करंट गेल्यास मोटार बंद करणाऱ्या उपकरणाची, आहे. तो तू मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या लाइनमध्ये बसवला आहेस आणि सेटिंग लिहिलंस 28. तिथे सेटिंग 16 हवं. 28 वर ठेवलंस तर लाइनला 48 अ‍ॅम्पिअर गेले तरी रिले गप्प बसेल, आणि मोटार जळाल्यावर सगळे म्हणतील रिले खराब होता. रिले इनकमिंगला, दोन्ही फाटे फुटण्याआधी असता, तर 28 बरोबर होतं.

शिवाय ब्लोअरचं चाक जड असतं, वेग घ्यायला पंधरा-वीस सेकंद लागू शकतात. क्लास 10 चा रिले सेटिंगच्या 7.2 पट करंटला दहा सेकंदांच्या आत ट्रिप होतो. स्टारमध्ये करंट कमी असला तरी इतक्या लांब स्टार्टला तो तापतोच. मग साइटवरचा माणूस सेटिंग वाढवत नेतो आणि संरक्षणच उरत नाही. क्लास 20 बघ, मोटारवाल्याकडून स्टार्टिंगची वेळ लेखी घे.

स्पेसिफिकेशनमध्ये टाइप-2 कोऑर्डिनेशन मागितलं आहे. म्हणजे शॉर्ट सर्किटनंतरही स्टार्टर वापरण्याजोगा राहिला पाहिजे. एमपीसीबी (मोटारीचा ब्रेकर), कॉन्टॅक्टर, रिले ही जोडी कंपनीच्या टेस्ट केलेल्या टेबलमधून जशीच्या तशी उचलायची. ‘तोच रेंज आहे’ म्हणून खरेदीने दुसऱ्या मेकचा रिले आणला की टाइप-2 फक्त कागदावर राहतं.

कॉइल 230 ची ठेवलीस, पण कंट्रोल ट्रान्सफॉर्मरची साइज काढताना सगळ्या कॉइल्सचा फक्त होल्डिंग व्हीए, म्हणजे ओढून धरल्यावर लागणारी वीज, जोडलास. कॉन्टॅक्टर ओढताना तो साधारण दहा पट असतो. व्होल्टेज 85 टक्क्यांखाली गेलं की कॉन्टॅक्टर धड ओढत नाही, धड सोडत नाही, तडतडतो, आणि तेवढ्यात कॉन्टॅक्ट चिकटतात. चुंबकाची गॅप उघडी राहिली तर कॉइलचा करंटही चढाच राहतो आणि ती जळते. पीएलसीच्या आउटपुटला कॉइल थेट जोडू नकोस. मध्ये रिले घाल, कॉइलवर सप्रेसर (व्होल्टेजचा झटका शोषणारा) घाल.

फौंड्रीची धूळ विसरू नकोस. वाळू आणि लोखंडाचा बारीक कण चुंबकाच्या तोंडाशी बसतो आणि कॉन्टॅक्टर गुणगुणायला लागतो. पॅनलला नुसता पंखा लावलास तर तो हीच धूळ आत ओढेल; सील केलेला मोठा डबा घे, आणि उष्णतेसाठी रिलेंच्या मध्ये जागा सोड. मेंटेनन्सच्या सूचनेत ठळक लिही: काळे पडलेले कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासू नयेत. ती चांदीची मिश्रधातू असते, काळेपणाने तिचं काही बिघडत नाही. घासलं की चांदीच जाते.

दुरुस्त बीओएम पाठव, होइस्टचा फीडर मी आधी बघेन. टेस्टिंगच्या दिवशी बोलावलंस तर भोसरीला येईन. आई विचारते, डबा वेळेवर खातेस ना?

तुझे,
बाबा