ओले आले वेगळे, सुंठ वेगळी

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील चिनी वनौषधींवरील लेखात ‘आले ओले असो वा सुकवलेले, गुण तोच’ असे बिनदिक्कत लिहिले आहे. ज्या पद्धतीचे गोडवे लेखात गायले आहेत, तिलाच हे मान्य नाही. चिनी वैद्यकात ओले आले घाम आणण्यासाठी आणि ओकारी थांबवण्यासाठी देतात. सुंठ मात्र पोटात मुरलेली थंडी, त्यातून होणारे पातळ जुलाब आणि पांढरा, पाण्यासारखा कफ यांवर योजतात. इसवी सन 200 च्या सुमारास चिनी वैद्य चांग चुंगचिंग यांनी जिनसेंग आणि ज्येष्ठमधासोबत जी योजली, तीही सुंठच. शिवाय अंगात उष्णता वाढून तोंड-घसा कोरडा पडला असेल, तर सुंठ वर्ज्य मानतात.

ही मनाई मला चांगलीच ठाऊक आहे. माझ्या यजमानांना तोंड येऊन साधे वरण गिळणेही कठीण झाले होते, त्या दिवसांत शहरातल्या एका ‘चिनी उपचार केंद्रा’ने अपचनाच्या तक्रारीवर त्यांना सुंठीच्या कॅप्सूल दिल्या. चिनी वैद्य आधी जीभ पाहतात आणि दोन्ही मनगटांची नाडी तपासतात, असे भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर लिहिले होते. प्रत्यक्षात कोणी तोंड उघडायलाही सांगितले नाही. मी शंका काढली तेव्हा गल्ल्यावरची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “आलंच तर आहे काकू, चहात घालत नाही का?” पुढचे दोन आठवडे यजमान थंड ताकावर होते आणि पैसे परत मागितल्यावर आम्हाला नियमावली वाचून दाखवण्यात आली.

आपल्या विद्वान लेखकांचा सूर त्या मुलीहून वेगळा नाही. तिला निदान पगार कॅप्सूल विकण्याचा मिळत होता. चीनच्या अधिकृत औषधकोशात काढ्यासाठी सुंठीचे दिवसाचे प्रमाण 3 ते 10 ग्रॅम दिले आहे. लेखात ‘सोसेल तेवढी’ असे आहे. कोणाला सोसेल, हे वाचकाने खाऊन ठरवायचे काय?

जाता जाता, लेखासोबत छापलेले छायाचित्र ओल्या हळदीचे आहे. खुलासा छापणार असाल, तर तो कृपया त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावा. निविदांच्या जाहिरातींखाली तो कोणी वाचत नाही.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, पुणे