पदवीनंतरचे शिक्षण

महोदय,

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी माल तपासणीचा विभाग सांभाळतो. नुकतेच पदवी घेऊन रुजू झालेल्या अभियंत्याच्या हाती व्हर्नियर कॅलिपर देऊन आलेल्या मालाची मापे घ्यायला सांगितले, की 'हे तर हेल्परचे काम' असा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतो आणि वर्ष भरण्याआधीच पगारवाढीचा विषय निघतो. ज्याने स्वतः शंभर नग मोजलेले नाहीत, त्याला माल नाकारण्याचा अधिकार कोणत्या भरवशावर द्यायचा?

मात्र सारा दोष मुलांच्या माथी मारणे मला मान्य नाही. १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराला काम शिकवणे ही मालकाची जबाबदारी असताना काही ठिकाणी त्याला स्वस्तातला मजूर म्हणून राबवले जाते. तिथे निष्ठेची अपेक्षा कशी करावी? सयाजीरावांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केले, ते तांत्रिक शिक्षणाला हातातल्या कौशल्याची जोड देण्यासाठी. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षी कारखान्यातील प्रत्यक्ष काम सक्तीचे करावे आणि शिक्का मारलेल्या प्रमाणपत्रावर न भागवता त्याचे गुण तेथील पर्यवेक्षकाकडून घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, बडोदे