तलवारबाजीत पाय दिसू द्या!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऐतिहासिक चित्रपटांतल्या लढायांवर आलेला लेख वाचला. गनिमांचे लोंढे, संगणकावर उभे केलेले गड, हवेत थबकलेले रक्ताचे थेंब, सगळ्याचं लेखकाने तोंड भरून कौतुक केलं आहे. ते करावं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मात्र दोन माणसं समोरासमोर उभी राहून तलवारीने लढतात, ती लढत चांगली कशाने होते आणि फसते कशाने, यावर अख्ख्या लेखात एक ओळ सापडली नाही. साहसपटाचा जीव तर तिथेच असतो.

माझी कसोटी साधी आहे. पडद्यावर लढणाऱ्यांचे पाय दिसतात का? पेठेतल्या तालमीत फरीगदगा, म्हणजे ढाल आणि काठी घेऊन केलेला तलवारीचा सराव, शिकताना वस्ताद कित्येक दिवस आमच्या हातात गदगा देतच नसत. नुसते पवित्रे. पुढे, मागे, बगलेला, पुन्हा मागे. वार हाताने होत असला तरी तो कुठून येणार हे पायच ठरवतात, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. आजच्या चित्रपटांत कॅमेरा छातीच्या खाली उतरायला तयार नसतो. एक डोळा, एक पातं, एक किंकाळी, पुन्हा डोळा. मग अचानक सगळं संथ, आणि ढोलताशे. कोण मागे हटतोय, कोण कोणाला भिंतीकडे रेटतोय, काही म्हणता काही कळत नाही. नट तलवार शिकला नसेल तर झाकायला ही युक्ती उत्तम. पण त्यालाच आपण ‘थरार’ म्हणायला लागलो आहोत.

‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा १९३८ चा चित्रपट मिळाला तर पुन्हा पाहा. नायक एरॉल फ्लिन आणि खलनायक बॅझिल रॅथबोन किल्ल्यातल्या गोल जिन्यावरून लढत खाली येतात, खांबांच्या आड जातात, आणि काही क्षण फक्त त्यांच्या अवाढव्य सावल्या खांबावर लढताना दिसतात. सावल्या असूनही कोण वरचढ आहे ते कळतं, कारण माणसं डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतात. ही लढत बसवली फ्रेड कॅव्हन्स या बेल्जियन तलवार-उस्तादाने. पडद्यावरची प्रत्येक हालचाल खऱ्यापेक्षा मोठी हवी, प्रेक्षकाला वार येताना दिसला पाहिजे, असा त्याचा आग्रह असे.

यावर जाणकार नाकं मुरडतात : ‘असं खरं कोणी लढत नाही.’ बरोबर आहे, नाहीच लढत. खऱ्या तलवारबाजीत पात्याचं टोक इतक्या वेगाने जातं की पंचांचे डोळे पुरत नाहीत. म्हणून तर १९३६ च्या ऑलिम्पिकपासून तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एपे या प्रकारात स्पर्श नोंदवायला विजेची यंत्रणा आली आणि पुढे बाकीच्या दोन प्रकारांतही. भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांपैकी सेबर हा प्रकार खेळली, ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. तिची लढत आमच्या घरी सगळ्यांनी डोळे फाडून पाहिली, पण गुण कोणाला मिळाला हे कळायला स्पर्श झाला की पेटणाऱ्या दिव्याकडेच बघावं लागलं. चित्रपटगृहात दिवे लागत नाहीत. तिथे वार समोरच्याला लागण्याआधी प्रेक्षकाला दिसावा लागतो.

रॅथबोनबद्दल थोडं सांगायलाच हवं. हा माणूस खरोखर उत्तम तलवार चालवायचा. फ्लिनपेक्षा कितीतरी सरस. आणि ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५), ‘रॉबिन हूड’, ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९४०) या तिन्हींत तो हरतो आणि मरतो! चांगला तलवारबहाद्दर खलनायक झाला की नायकाला घाम फुटतो, आणि घाम फुटल्याशिवाय नायकाचा पराक्रम दिसायचा कसा? आपल्याकडे समोरचे वीस-वीस जण रांगेत येऊन एकेक करून पडतात. शिवरायांचे शत्रू असे लेचेपेचे होते, असं दाखवण्यात महाराजांचा मोठेपणा तो काय?

चांगल्या लढतीत एक कथाही असते. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) मधली कड्यावरची लढत घ्या. दोघं आधी सभ्यपणे गप्पा मारतात, एक जण दुसऱ्याला दम खाऊ देतो, मग खडाखडी सुरू होते. दोघेही डाव्या हाताने लढतात आणि लढता लढता एक जण सांगतो की मी डावखुरा नाहीच. तलवार उजव्या हातात जाते, पारडं फिरतं. थोड्या वेळाने दुसराही तेच करतो! डावपेच बदलतात तसतशी माणसं उलगडत जातात. ही लढत पीटर डायमंड आणि बॉब अँडरसन यांनी बसवली. त्यातला अँडरसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेला.

‘स्कारामूश’ (१९५२) मधली लढत नाटकगृहात होते. सज्जाच्या कठड्यावरून जिन्यावर, तिथून खुर्च्यांच्या रांगांत आणि शेवटी रंगमंचावर. सहा मिनिटांहून अधिक, आणि एवढा वेळ पार्श्वसंगीत अजिबात नाही. फक्त पाती, श्वास, बुटांचा आवाज. आमच्या संगीतकारांना हा प्रयोग एकदा करून बघायला सांगा. कानठळ्या बसवणारा ढोल थांबला तर तलवारीचा खणखणाट ऐकू येईल, अशी आशा आहे.

आता आपल्या शस्त्रांबद्दल. केळकर संग्रहालयात जाऊन मराठी तलवारीची मूठ नीट पाहा. पकड घट्ट, मागे चकती. मनगट युरोपीय रेपियर या लांब, सडपातळ तलवारीसारखं मोकळं फिरत नाही. वार कोपरा-खांद्यातून येतो, खेचत कापणारा. धोप ही सरळ पात्याची तलवार, तिची चाल वेगळी. दांडपट्ट्यात तर हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असतो, मनगट वाकतच नाही. अख्खा हात आणि त्यामागे अख्खं शरीर फिरतं. पट्टेबाजाला भोवती मोकळी जागा लागते, म्हणजे त्याला जवळून चित्रित करताच येत नाही. कॅमेऱ्याला मुकाट्याने मागे सरकावं लागतं. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. असं असताना पडद्यावर मावळा धोप, तलवार आणि पट्टा तिन्ही एकसारखे, बॅट घुमवल्यागत फिरवतो, तेव्हा शस्त्राचा अभ्यास कोणी केलाच नाही हे उघड दिसतं.

शस्त्रांतला फरक लढत कशी उभी करतो, हे ‘रॉब रॉय’च्या (१९९५) शेवटी आहे. एकाकडे जड, रुंद पात्याची तलवार, दुसऱ्याकडे हलकी आणि चपळ. हलकी तलवार जडवाल्याला दमवत, बोचकारत जाते. नायक रक्तबंबाळ, हात उचलवत नाही, शेवटी तो शत्रूचं पातंच उघड्या हाताने धरून ठेवतो. विल्यम हॉब्जने बसवलेली ही लढत पाहताना आपलेच खांदे दुखायला लागतात. थकवा! आमच्या नायकांना तो कधी येतच नाही.

आणि आपल्याकडे काय प्रसंग पडले आहेत! सिंहगडावर १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी आणि उदयभान यांची गाठ पडली. ढाल तुटली आणि तानाजीने डाव्या हाताला शेला गुंडाळून त्यावर वार झेलले, असं आपण पोवाड्यांतून ऐकत आलो. पटकथाकाराने याहून जास्त काय मागावं? तोडीस तोड दोन योद्धे, मध्येच संरक्षण गेलेलं, हाताशी असेल त्यावर निभावणं, आणि शेवटी दोघेही पडतात. ढाल तुटते तो क्षण नीट दिसला पाहिजे, शेला गुंडाळायला लागणारा वेळ दिसला पाहिजे, त्या वेळात उदयभान काय करतो तेही दिसलं पाहिजे. शेला गुंडाळणं तीन तुकड्यांत कापून संथगतीत दाखवलं, की सगळं गेलं.

लढत लांबच हवी असंही नाही. प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा पट्टा महाराजांवर उगारला गेला आणि जिवा महालाने तो हातच वरच्या वर छाटला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण एका वारावर उभी आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’त (१९५४) असाच एक प्रसंग आहे. दोघं आधी काठ्यांनी लढतात. एक म्हणतो बरोबरी झाली, दुसरा शांतपणे सांगतो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. पहिला चिडतो, खऱ्या तलवारी निघतात, आणि दुसऱ्याने सांगितलं होतं तेच एका फटक्यात घडतं. त्या फटक्याआधी दोघे किती वेळ निश्चल उभे असतात, ते बघावं. आमचे संकलक एवढा वेळ देतील का, याची शंका आहे.

साहसपट म्हणजे परदेशी नखरा, असं म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता एक आठवण : याच पुण्यात प्रभातने १९३६ साली ‘अमर ज्योती’ हा समुद्री चाच्यांचा चित्रपट काढला, आणि त्यातल्या चाच्यांची सरदार होती दुर्गा खोटे. प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी एखादी पट्ट्याची लढत एकाच सलग दृश्यात करून दाखवली, तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की पुढच्या ऐतिहासिक चित्रपटाचं परीक्षण छापताना लढाई कोणी बसवली त्याचं नाव द्यावं. गीतकार, वेशभूषाकार, अगदी पगड्या बांधणारेही आपल्या परीक्षणांत येतात. साहसदृश्यांचा दिग्दर्शक तेवढा गायब असतो. आणि समीक्षकांना सांगावं, की तारे देण्याआधी लढणाऱ्यांचे पाय किती वेळ दिसले तेही एका ओळीत लिहा.

कळावे,
आपला एक वाचक,
कसबा पेठ, पुणे