गाठ काढली, पण कडेचे काय?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीत, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मागे राहिलेला भाग उजळवून दाखवणाऱ्या अमेरिकी औषधाविषयीचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, पण ‘आता एकही पेशी सुटणार नाही’ हा त्याला दिलेला मथळा खरा नाही. पेगुलिसियानिन या औषधाला एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ज्या चाचणीच्या आधारे, तिच्यात ३५७ स्त्रियांपैकी २७ जणींच्या शरीरात गाठ काढून झाल्यावरही उरलेला कर्करोग या प्रकाशामुळे सापडला आणि त्याच वेळी काढता आला. कड बाधित निघालेल्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत कर्करोग पोचलेल्या, ६२ जणींपैकी ९ जणींची दुसरी शस्त्रक्रिया टळली. त्या २७ जणींच्या दृष्टीने ही किती मोठी गोष्ट आहे हे मी जाणते. परंतु त्याच चाचणीत प्रत्यक्ष बाधित असलेल्या कडांपैकी जेमतेम निम्म्याच या औषधाने ओळखल्या आणि दोघींना औषधाची गंभीर ॲलर्जी झाली, हेही छापायला हवे होते. मथळा वाचून आशा धरणारे लोक आतला मजकूर अनेकदा वाचत नाहीत.

हे मी इतक्या तळमळीने लिहिते आहे, त्याचे कारण माझी धाकटी जाऊ. तिच्या स्तनातील गाठ तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका खासगी रुग्णालयात काढली. गाठ लहान होती, त्यामुळे स्तन वाचेल असे सांगितले होते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘सगळे निघाले’ असे सांगितले आणि तासाभराने परिचारिकेने फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्याची बरणी माझ्या दिरांच्या हाती दिली. ती कापडी पिशवीत गुंडाळून, मांडीवर घट्ट धरून ते एस.टी.ने शेजारच्या शहरातील प्रयोगशाळेत गेले. अकराव्या दिवशी अहवाल आला. कड बाधित आहे, मात्र तुकड्यावर दिशेची कोणतीही खूण नसल्यामुळे ती कोणत्या बाजूची हे सांगता येत नाही, असे त्यात लिहिले होते.

या एका वाक्याचा अर्थ आम्हाला पुढे मोठ्या शहरातील डॉक्टरांनी समजावून सांगितला. काढलेला तुकडा शरीराबाहेर आला की त्याची वरची बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तुकडा सुटा करण्यापूर्वीच वरच्या बाजूला आखूड धाग्याचा आणि बाहेरच्या बाजूला लांब धाग्याचा टाका घालतो. प्रयोगशाळेत त्या खुणांवरून प्रत्येक बाजूला निराळ्या रंगाची शाई लावली जाते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी शाईला भिडलेल्या दिसल्या तर ती कड बाधित ठरते. आमच्या तुकड्याला एकही टाका नव्हता. नेमकी बाजू ठाऊक असती तर तेवढीच कड पुन्हा काढून भागले असते. ती ठाऊक नसल्याने चारही बाजूंनी काढावे लागणार होते, आणि एवढे काढल्यावर स्तनाचे काही उरणार नव्हते. त्यामुळे जो स्तन वाचवण्यासाठी पहिली शस्त्रक्रिया केली, तोच दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढून टाकावा लागला. उरलेला कर्करोग एकाच बाजूला, अगदी लहानशा जागेत होता, असे त्यानंतरच्या अहवालात आले. तो ऐकून माझी जाऊ एवढेच म्हणाली, “ताई, दोन टाक्यांचा दोरा घातला असता तर.” आजही हे वाक्य आठवले की मला झोप येत नाही.

शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासता येतो, ज्याला सगळे डॉक्टर ‘फ्रोझन’ म्हणतात, ती पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. पण स्तनात चरबी अधिक असल्याने तेथील तुकडा नीट गोठत नाही, हे मला आता कळले आहे, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी हवीच असा माझा हट्ट नाही. मात्र ज्याला कोणतेही नवे यंत्र लागत नाही असा उपाय आहे. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंतींचा आणखी एक पातळ थर सर्व बाजूंनी काढून घ्यायचा. अमेरिकेतील येल विद्यापीठातील डॉक्टरांनी २३५ रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या साध्या कृतीने बाधित कडांचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. आपल्या पुरवणीत यावर एक ओळही आली नसावी, याचे मला फार वाईट वाटते; कारण जिल्ह्याच्या ठिकाणी उद्या सकाळी करता येईल अशी गोष्ट हीच आहे. तुकड्याला खूण करणार का, तो कोणत्या प्रयोगशाळेत आणि कोणाच्या हातून जाणार, कड बाधित निघाली तर पुढे काय, हे प्रश्न संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारायचे असतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आपण ते ठळक अक्षरांत छापावेत, ही विनंती.

आणखी एक. या लेखाच्या अगदी खाली ‘शस्त्रक्रियेविना गाठ विरघळवणाऱ्या’ चूर्णाची जाहिरात आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जाहिरातीत कर्करोग हा शब्द टाळला असला, तरी त्या लेखाखाली ती कोणासाठी छापली आहे हे वाचणाऱ्याला कळते. आमच्या गल्लीतील एक बाई कालच ते कात्रण घेऊन माझ्याकडे आली होती. तिला गाठ आहे आणि तिने अजून डॉक्टरांना दाखवलेली नाही. उद्या सकाळी मी तिला सोबत घेऊन जाणार आहे. ती जाहिरात कृपया पुन्हा छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मराठवाडा