मान्ना बंद झाला त्या दिवशी

कोल्हापूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

परवा तुझा फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्यापाशीच उभी राहिले. थोरली प्रार्थनेला बसत नाही, आणि का म्हणून विचारलं तर ‘तो देव कोल्हापुरातला होता’ म्हणते, हे तू सांगितलंस. तुला तो हट्ट वाटला. मला नाही वाटला. तिची शाळा इथं राहिली, रिक्षावाले मामा इथं राहिले, रंकाळ्यावरची भेळ राहिली, चर्चमधली खिडकीजवळची तिची जागा राहिली. देवही त्यांच्यासोबतच मागं राहिला असं तिला वाटलं, तर त्यात नवल काय?

आणि खरं सांगू का, याची सुरुवात जावईबापूंच्या नागपूरच्या बदलीपासून नाही. बाबा गेले तेव्हापासून आहे. ते दवाखान्यात होते तेव्हा ती रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, तुला न सांगता, अंथरुणात बसून. ते गेल्यावर तिनं मला विचारलं, आणि मी म्हणाले, “देवाला आजोबा फार आवडले, म्हणून त्यानं त्यांना नेलं.” मोठ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य आहे ते. पण त्या लेकराला त्यातून काय कळलं? आपल्या आवडत्या माणसांवर देवाचा डोळा असतो, एवढंच. नंतर किती तरी दिवस ती धाकट्याला क्षणभर एकटं सोडत नव्हती, आठवतं ना? ते माझ्या वाक्यामुळं झालं. दिवाळीत याल तेव्हा मी तिला जवळ घेऊन सांगणार आहे, की आजी चुकीचं बोलली. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. जो तिथं रडला तोच आजही आहे. ‘काल, आज आणि युगानुयुग सारखाच’ या बायबलातल्या वचनाचा हाही अर्थ आहे.

म्हणून एक विनंती. ‘सगळं पहिल्यासारखं होईल’ असं तिला सांगू नकोस. होणार नाही, आणि ते तिला कळतं. देवानं न दिलेली वचनं आपण त्याच्या नावावर देऊन टाकतो. ती मोडली की मुलं आपल्याला नाही, त्याला खोटं ठरवतात.

गेले काही दिवस मी बायबलातलं यहोशवाचं पुस्तक पुन्हा वाचतेय. यार्देन नदी ओलांडायची वेळ आली तेव्हा इस्राएल लोकांचं काय काय बदललं होतं बघ. मोशे नुकताच वारलेला. पुढारी नवा, देश नवा, समोर कापणीच्या दिवसांत दुथडी भरून वाहणारी नदी. देवानं तिचं पाणी थांबवलं. बारा वंशांच्या बारा माणसांनी नदीच्या मधोमध पाय रोवून उभ्या असलेल्या याजकांपाशी जायचं, तिथून एकेक धोंडा खांद्यावर आणायचा आणि मुक्कामावर ठेवायचा. कशासाठी? पुढं मुलं विचारतील, हे धोंडे कसले, तेव्हा त्यांना सांगता यावं म्हणून. हा भाग आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो.

पुढचं मात्र सहसा कुणी शिकवत नाही. पलीकडे गिलगालला त्यांनी वल्हांडण सण पाळला, त्या देशाचं पीक खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना, म्हणजे रानात देव त्यांना द्यायचा ते अन्न, बंद झाला. चाळीस वर्षं सकाळी उठलं की बाहेर पडलेला दिसायचा, तो एकदम थांबला. बाळ, रानात जन्मलेल्या पोरांना त्या सकाळी काय वाटलं असेल? त्यांच्या लेखी देव म्हणजे मान्ना. मान्ना गेला, म्हणजे देव गेला. आपल्या थोरलीचं अगदी तेच झालंय. तिचा मान्ना इथं कोल्हापुरात पडत होता. देणारा तोच आहे. आता शेतातून देतोय, आणि शेताची ओळख व्हायला वेळ लागतो. तो वेळ तिला दे.

आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागचा तो बिनरंगाचा पट्टा तुला कधीच आवडला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीत आपल्या घरात साडेतीन फूट पाणी, शिरोलीपाशी हायवे बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. नंतर घर रंगवलं तेव्हा बाबांनी रंगाऱ्याला वीतभर जागा सोडायला लावली आणि पाण्याच्या रेघेवर पेन्सिलनं तारीख घातली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, दुसरी रेघ पडली. तू म्हणालीस, घर कसं दिसतं! बाबा काही बोलले नाहीत. पण दर ऑगस्टमध्ये ते थोरलीला तिथं उभी करायचे आणि सांगायचे: आजीला तालमीच्या पोरांनी पाठुंगळी मारून बाहेर काढलं, त्यांची नावं ही, भाकऱ्या कुणी आणल्या, आपण आठ दिवस कुणाच्या घरी निजलो. ‘देवानं वाचवलं’ असं एका वाक्यात ते कधी उरकत नव्हते. पहिली रेघ तेव्हा तिच्या डोक्यावरून जात होती. तुम्ही जाताना मी बघितलं, ती आता तिच्या खांद्याला लागते.

बाबांच्या आजारपणात मात्र जे मागितलं ते मिळालं नाही. हेही तिला असंच सांग, गाळू नकोस. ती रागावली तर रागावू दे, आणि तो राग प्रार्थनेत बोलू दे. ‘परमेश्वरा, कुठवर?’ असं तेराव्या स्तोत्रात दावीद विचारतोच ना? तिला बळजबरीनं बसवू नकोस. तुम्ही तिघं मात्र रोज आठ वाजता बसा, इथं बसत होतो तसंच, तीच प्रार्थना, तेवढीच. ती आतल्या खोलीतून ऐकत असते. तूही तशीच ऐकायचीस.

आणि कोल्हापुरातल्या देवाचं म्हणशील, तर तिला सांग की १८५२ साली वाइल्डर साहेब या गावात आले. आपल्या घराण्याला येशूचं नाव कळलं ते त्यांच्या मिशनमुळं. पण देव काही त्यांच्या बैलगाडीतून आला नव्हता. ते यायच्या आधीही तो इथं होताच. तुमची महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरला पोचायच्या आधी तिथंही होता.

उद्या पार्सल पाठवतेय. कांदा-लसूण चटणीची बरणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळी ठेवलीय, तेल सुटलं तर कपड्यांना लागायला नको. धाकट्याचा स्वेटर आहे. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेला एक काळा दगड आहे, काल पंचगंगेच्या घाटावरून उचलून आणला. तो देव्हाऱ्यासारखा मांडून ठेवू नकोस, त्यावर काही लिहूही नकोस. दारापाशी, चपलांच्या शेजारी असू दे. ती विचारेल, हा कसला म्हणून. तेव्हा स्वयंपाकाची घाई असली तरी गॅस बंद कर आणि खाली बस.

तुझी,
आई