हवा बाहेर कुठून जाणार, असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या किट कारची, म्हणजे सुटे भाग जोडून घरी बांधायच्या गाडीची, चॅसी (सांगाडा) उभी राहिली, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर बसले, तेव्हा मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं की या इंजिनाला किती मोठा रेडिएटर लागेल. तुम्ही माप सांगितलं नाहीत. उलट मलाच विचारलंत, "आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार?" त्या प्रश्नासाठी हे आभाराचं पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण घरी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने रेडिएटर विकत घेण्याआधी स्वतःला हे विचारायला हवं.

आधी तुम्ही उष्णतेचा हिशेब मांडलात. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेतली ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद म्हणून हाती येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि साधारण तेवढीच कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवायला फिरणाऱ्या द्रवात, उतरते. म्हणजे इंजिन 70 किलोवॅट देत असेल, तर रेडिएटरलाही जवळपास तितकीच उष्णता फेकावी लागेल. आकडा ऐकून मी घाबरलो. पण हलकी गाडी रस्त्यावर एका वेगाने पळताना त्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरते, हे तुम्ही लगेच जोडलंत. लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर घरी बांधलेल्या कितीतरी गाड्या जुन्या फोक्सवॅगन पोलोच्या रेडिएटरवर का भागवतात, ते तेव्हा कळलं. शर्यतीच्या ट्रॅकवर सतत पाय दाबून चालवणाऱ्याचं गणित अर्थात वेगळं.

बाकी सगळे जाड कोअर (रेडिएटरमधली नळ्यांची जाळी) घे म्हणत होते. तुम्ही म्हणालात, आधी रुंदी-उंची जितकी मिळेल तितकी घे, जाडीचं नंतर बघू. पुढच्या नळ्यांना गार हवा मिळते, मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांनी तापवलेली येते, आणि जाडी वाढली की हवेला आरपार जाणंही जड जातं. तांबं की अॅल्युमिनियम या वादावर मात्र तुम्ही दोन वाक्यंच खर्च केलीत: तांब्यातून उष्णता जास्त वाहते हे खरं, पण अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि वजन वाचतं, परवडेल ते घे, फक्त कूलंट योग्य घाल, नुसतं नळाचं पाणी नको.

खरी शिकवणी हवेचीच. हवा आळशी असते, हे तुमचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. कोअरच्या बाजूला बोटभर फट दिसली तरी ती तिथून निसटते. कोअरमधून जाण्याचे कष्ट कशाला घेईल? म्हणून नाकाच्या तोंडापासून कोअरच्या चारही कडांपर्यंत पत्र्याची वाट केली आणि फटींत फोम भरला. तोंड कोअरपेक्षा लहान असलं तरी चालतं, पण वाट हळूहळू रुंदावली पाहिजे, म्हणजे हवेचा वेग उतरतो आणि दाब वाढतो. मग बाहेरचा रस्ता. बॉनेटखाली हवा कोंडली तर पुढून नवी येणार कशी? मी झरोके काचेच्या पायथ्याशी कापणार होतो, दिसायला छान म्हणून. तिथे बाहेरच दाब जास्त असतो, हवा निघण्याऐवजी आत शिरेल, असं सांगून तुम्ही माझा हात धरलात. बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटवून गाडी पळवायची आणि ते कुठे वळतात ते पाहायचं, ही तुमची युक्ती तर फुकटातली प्रयोगशाळा निघाली.

पंखा मागे, हवा ओढणारा, आणि त्याला पूर्ण कोअर झाकणारा श्राउड, म्हणजे भोवतीचं आवरण. नाहीतर पंख्यासमोरचा गोल तेवढा गार होतो आणि कोपरे तापलेलेच राहतात. पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कोअरमधूनच आवळायचा नाही, हेही बजावलंत. घासून घासून नळीला भोक पडतं. गर्दीत तापते पण पळताना निवते, तर पंखा किंवा श्राउड पाहायचा. गर्दीत बरी पण वेगात तापते, तर रेडिएटरची क्षमता, हवेची वाट किंवा आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होस, म्हणजे रबरी पाइप. ही दोन वाक्यं पाठ केली, तरी नव्या माणसाचे बरेच पैसे वाचतील.

अशा गाडीचं नाक बसकं. रेडिएटरचा माथा सिलेंडर हेडपेक्षा (इंजिनाच्या वरच्या भागापेक्षा) खाली येतो आणि अडकलेली हवा हेडमध्येच ठाण मांडते. म्हणून सगळ्यात उंच जागी वेगळी टाकी, तिला हेडपासून बारीक नळी आणि झाकण तिच्यावर. 1 बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाने नुसतं पाणीही जवळपास 120 अंशांपर्यंत उकळत नाही, हे तुम्ही सांगितलंत, आणि त्याच दमात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा विचार करणाऱ्यांना दोन शब्द सुनावलेत. ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

आता गर्दीत उभं राहिलं तरी काटा मधल्या खुणेच्या आसपासच असतो, पंखा लागतो आणि थोड्या वेळाने आपसूक बंद होतो. पुढचा प्रश्न ऑइल कूलरचा, म्हणजे इंजिनाचं ऑइल गार करणाऱ्या छोट्या रेडिएटरचा. जागा म्हणाल तर रेडिएटरच्या पुढेच उरली आहे. त्यावर तुम्ही काय म्हणणार याचा अंदाज आहे, तरी विचारायला येतोच.

आपला ऋणी,
एक हौशी गाडीबांधू