माउथपीस मोजून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे दिलंत ते क्लॅरिनेट वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

माझ्या क्लॅरिनेटचे खालचे स्वर भरदार लागायचे, पण रजिस्टर की, म्हणजे वरच्या स्वरांत नेणारी कळ, दाबून वर गेलं की मधूनच आवाज चिरकायचा. पाकिटातल्या मोजक्याच रीड, म्हणजे ओठांत धरायच्या माउथपीसवर बांधायच्या पातळ पात्या, धड चालायच्या. कुणीही म्हणालं असतं, रीडचा नंबर बदला. तुम्ही रीडला हातही लावला नाहीत. माउथपीस पुसलात, त्यावर रेघा आखलेली काच धरलीत आणि कागदाहून पातळ पोलादी पट्टी टोकाकडून हलकेच आत सरकवलीत. ती डावीकडे खोल गेली, उजवीकडे आधीच अडली. तिरकी थांबलेली पट्टी मला दाखवून तुम्ही म्हणालात, "दोन्ही रेल, म्हणजे रीड टेकते त्या बाजूच्या कडा, सारख्या नाहीत. रीड तरी काय करणार?"

मग काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर दोन-तीन हलके हात, पुन्हा माप, पुन्हा एखादा हात. घाई अजिबात नाही. शेवटी ओली रीड बांधून खालचं तोंड तळहाताने बंद केलंत आणि हवा ओढलीत. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि 'टप्' करून सुटली. हवा कुठे गळत नसल्याची ही खूण आता मी रोज पाहते.

त्याहून मोलाचं होतं ते तुमचं समजावणं. टिप ओपनिंग, म्हणजे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांमधली फट, मोठं असेल तर टोक बंद व्हायला रीडला जास्त वाकावं लागतं, म्हणून रीड मऊ हवी. कडक लावली तर दम जातो आणि स्वरात नुसती हवा ऐकू येते. फेसिंग, म्हणजे माउथपीसचा रीडपासून वळत दूर जाणारा भाग, लांब असेल तर रीडचा जास्त भाग कंप पावतो, तिथे थोडी कडक रीडही सहज बोलते. तुम्ही व्हॅन्डोरेन या एकाच कंपनीचे दोन माउथपीस शेजारी ठेवलेत: बी ४५ चं ओपनिंग १.१९५ मिमी, ५ आरव्ही लायरचं १.०९ मिमी. फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा, पण पहिल्यावर गोड वाजणारी रीड दुसऱ्यावर पातळ, दबलेली वाटली. हे कानांनी ऐकलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

बॅफलबद्दल, म्हणजे माउथपीसच्या आत रीडसमोर असलेल्या उताराबद्दलही तसंच. तो उंच असेल तर आवाज धारदार आणि पुढे फेकला जाणारा, खोलगट असेल तर गडद. त्या गडदपणासाठी मी कडक रीडच्या मागे होते. तो रंग माउथपीसच्या पोटातूनही येतो, हे तुमच्यामुळे कळलं. रीडवरचा नंबर फक्त ताठपणा सांगतो, तोही प्रत्येक कंपनीचा वेगळा. माझ्या मते हे पहिल्याच धड्यात शिकवायला हवं.

आता वरचे स्वर हळू फुंकेतही लागतात. रीड माझ्या आहेत त्याच आहेत, आणि पाकिटातल्या बहुतेक चालतात.

सर, एवढा वेळ देऊन, प्रत्येक माप माझ्या वहीत लिहून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बास क्लॅरिनेटचा माउथपीसही अडखळतो आहे. तुम्हाला सवड असेल तेव्हा घेऊन येते. या वेळी पट्टी मी सरकवेन, तुम्ही फक्त बघा.

आपली,
एक विद्यार्थिनी